समुद्राकडे तोंड करून

लाँग वीकएंडला व्हँकुव्हरहून गाडी घेऊन व्हिक्टोरियाला निघालात, तर निम्मा प्रवास रांगेतच होतो हे तुम्हाला माहीत असेल. हायवे 17 वर शेतं मागे पडतात, एक भलामोठा मॉल लागतो, आणि मग रस्ता चक्क जमीन सोडून देतो. पुढचे तीनेक किलोमीटर दोन्ही बाजूंना पाणी. ओहोटी असेल तर नजर पोचेल तिथवर चिखल. टोकाला फेरीचं टर्मिनल. गाडी बंद करायची, थर्मासमधला चहा काढायचा आणि पुढच्या जहाजात नंबर लागतोय का, याची वाट बघायची.

पाटीवर बंदराचं नाव असतं: त्सवासन. गाडीतलं कोणी 'तवासन' म्हणतं, कोणी 'सवासन'. आणि मागच्या सीटवर बसलेली, पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेली आजी 'शवासन' म्हणते. दीड तास हलायचं नाही म्हटल्यावर तिचंही काही चूक नाही.

पण वेळ आहेच हाताशी, तर या नावाकडे जरा नीट बघू. पॉडकास्टच्या या भागात आपण बंदरांच्या नावांबद्दल बोललो. त्यातला एक प्रश्न इथे सविस्तर घेतोय: एखाद्या जागेला नाव देणारा माणूस नेमका कुठे उभा होता?

त्सवासन हे त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या लोकांचं नाव आहे, आणि त्यांच्या गावाचंही. त्यांची भाषा हंकमीनम. फ्रेझर नदीच्या मुखाजवळच्या मस्कीम आणि इतर समाजांचीही भाषा हीच. त्या भाषेत नावाचा अर्थ होतो 'समुद्राकडे तोंड केलेली जमीन'. मूळ उच्चार 'स्चवाथन'च्या जवळपास जातो. त्यातला 'थ' आपल्या 'थंडी'तला नाही, इंग्रजी 'थिंक'मधला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी त्याचा 'स' करून टाकला.

आणि सुरुवातीचा तो 'च'? इथे मराठी बोलणाऱ्याला थोडं बरं वाटायला हरकत नाही. 'चिमणी'तला च आणि 'चूल'मधला च वेगळा, हे तुम्हाला कोणी शिकवलं नसेल, तरी तुमच्या जिभेला ते माहीत आहे. 'चोर', 'चूल', 'चांगलं' यांतला जो च, तो त्सवासनच्या च च्या अगदी शेजारचा. त्यांचा उच्चार घशातून जरा झटका देऊन होतो, एवढाच फरक. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला हा आवाज येत नाही, म्हणून पाटीवर 'टी' आणि 'एस' शेजारी शेजारी बसले आणि बोलताना त्यांतलं एक अक्षर गळून पडलं. पाटीवरची जी अक्षरं लोकांना विचित्र वाटतात, ती मुळात आवाज जपायची धडपड होती.

आता अर्थाकडे. 'समुद्राकडे तोंड केलेली जमीन' असं कोण म्हणेल? जो जमिनीवर उभा आहे तो. ज्याच्या पाठीशी घर आहे आणि समोर पाणी. जहाजातून येणारा माणूस हे वाक्य बोलणार नाही. त्याला दिसतो फक्त एक कडा, एक टोक, एक खूण.

ही गोष्ट एकट्या कॅनडाची नाही. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर एक छोटं बंदर आहे, जिथून आयर्लंडच्या रॉसलेअरला फेरी जाते. इंग्रजीत त्याचं नाव फिशगार्ड. ऐकून वाटतं, मासे राखणारा पहारेकरी वगैरे असावा. तसं काही नाही. हा जुना नॉर्स शब्द आहे, म्हणजे उत्तरेकडून जहाजांतून येणाऱ्या व्हायकिंग लोकांच्या भाषेतला, आणि त्याचा अर्थ मासे अडवायचं कुंपण. समुद्रातून येताना जे डोळ्यांत भरलं, कामाचं वाटलं, ते नाव झालं. वेल्श लोक मात्र त्याच गावाला अबरग्वाइन म्हणतात: ग्वाइन नदीचं मुख. हे नाव नदीच्या काठाने चालत समुद्रापर्यंत आलेल्या माणसाचं आहे. गाव एकच, पण एकाने ते पाण्यातून पाहिलं आणि दुसऱ्याने डोंगराकडून. वेल्समधल्या पाट्यांवर आज दोन्ही नावं असतात.

आपल्याकडे तर याची उदाहरणं पायलीला पन्नास. गेटवे ऑफ इंडियाहून लाँच पकडून तुम्ही लहानपणी एलिफंटाला गेला असाल. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले तेव्हा बेटावर उतरायच्या जागेजवळ त्यांना दगडी हत्ती दिसला, आणि बेटाचं नाव पडलं एलिफंटा. म्हणजे जहाजातून उतरताना जे पहिलं दिसलं ते. बेटावर राहणाऱ्यांसाठी ते घारापुरीच होतं आणि आहे. राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर ही तिथल्या तीन वस्त्यांची नावं. गंमत म्हणजे तो हत्ती आता बेटावर नाहीच. तो भायखळ्याला, राणीच्या बागेशेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. हत्ती गेला, पण नाव राहिलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अजून एक. कोकणाचं जुनं नाव अपरांत. सम्राट अशोकाच्या शिलालेखात ते येतं. अर्थ, पश्चिमेचं टोक. पण पश्चिमेचं टोक कुणाचं? सोपाऱ्याच्या बंदरावर मीठ नाहीतर मासळी विकणाऱ्या माणसासाठी ते कशाचंच टोक नव्हतं. तिथूनच तर समुद्र सुरू व्हायचा. टोक होतं ते पाटलीपुत्रात बसून राज्याकडे बघणाऱ्यासाठी. आणि हा खेळ आपण अजूनही खेळतो. कोकणातला माणूस 'घाटावरचे' म्हणतो तेव्हा तो स्वतः घाटाखाली उभा असतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता परत त्सवासनला येऊ, कारण तिथेही पाण्यातून बघणारे आले. 1791 मध्ये स्पॅनिश मोहिमेची जहाजं या समुद्रात फिरली. त्सवासनची जमीन ज्या द्वीपकल्पावर आहे, ते त्यांना दुरून बेटच वाटलं. मधली जमीन सखल, नदीने आणलेल्या गाळाची, दुरून दिसेना. त्यांनी नकाशावर लिहिलं 'इस्ला दे सेपेदा', म्हणजे सेपेदा बेट. जे बेट नव्हतंच, त्याला बेट म्हणून नाव मिळालं. पुढच्याच वर्षी, 1792 मध्ये, ब्रिटिश कप्तान जॉर्ज व्हँकुव्हर आला आणि त्याने द्वीपकल्पाच्या टोकाला हेन्री रॉबर्ट्स या आपल्या नौदलातल्या मित्राचं नाव दिलं: पॉइंट रॉबर्ट्स.

1846 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने सरहद्द ठरवली. ती 49 व्या अक्षांशावरून सरळ रेघ मारून पश्चिमेला समुद्रापर्यंत नेली. त्या रेघेने हे द्वीपकल्प कापलं. खालचं टोक अमेरिकेचं झालं, वरचा भाग ब्रिटिशांकडे राहिला. आजही पॉइंट रॉबर्ट्सची मुलं मोठ्या शाळेसाठी बसने कॅनडातून जाऊन पुन्हा अमेरिकेत शिरतात, कारण जमिनीवरून दुसरा रस्ताच नाही. त्सवासन लोक पिढ्यानपिढ्या ज्या पाण्यात आणि किनाऱ्यावर सामन पकडत होते, त्यावर एक देशांची सीमा येऊन बसली. नकाशा आखणाऱ्यांपैकी कोणी तिथे उभं राहून समुद्राकडे तोंड करून बघितलं नव्हतं.

मग ही फेरी. 1958 मध्ये इथल्या खाजगी फेरी कंपन्यांच्या संपांमुळे व्हँकुव्हर बेटाशी असलेला संपर्क विस्कळीत झाला. तेव्हा प्रीमियर डब्ल्यू. ए. सी. बेनेट यांच्या प्रांतिक सरकारने स्वतःच फेरी चालवायचं ठरवलं. बंदरासाठी जागा निवडली त्सवासनची. किनाऱ्यापासून खोल पाण्यापर्यंत भराव टाकून रस्ता बांधला, आणि जून 1960 मध्ये त्सवासन ते स्वार्ट्झ बे अशी सेवा सुरू झाली. पहिल्या दोन जहाजांपैकी एकाचं नाव होतं 'सिडनी' आणि दुसऱ्याचं 'त्सवासन'.

म्हणजे नावाला मान मिळाला. पण जमिनीचं काय? भरावाचा रस्ता त्सवासन लोकांच्या वस्तीला लागूनच समुद्रात शिरला. त्यांचं लाँगहाऊस, म्हणजे जिथे समारंभ, बैठका, नाच होत ते समाजाचं मोठं घर, या कामात पाडलं गेलं, असं ते लोक सांगतात. दहा वर्षांनी, 1970 मध्ये, थोडं वायव्येला दुसरा भराव आला, कोळशाच्या बंदरासाठी. पुढे त्याच्याशेजारी कंटेनरचं बंदर झालं. फेरीकडे जाताना उजव्या हाताला ज्या उंच क्रेन दिसतात, त्या तिथल्या. त्या बंदराचं नाव रॉबर्ट्स बँक, म्हणजे व्हँकुव्हरच्या मित्राचं नाव अजून कामावर आहे.

आता त्सवासनच्या किनाऱ्यावर उभं राहून समोर बघा. डावीकडे एक भराव, उजवीकडे दुसरा, आणि मधे अडकलेला चिखलाचा पट्टा. भराव पडले की पाण्याचा प्रवाह बदलतो, गाळ कुठे बसतो ते बदलतं, आणि त्याबरोबर खेकडे, शिंपले, मासे यांची गणितंही बदलतात. ज्या लोकांचं नावच 'समुद्राकडे तोंड' आहे, त्यांच्या समोरचा समुद्र दोन्ही बाजूंनी कुंपण घातल्यासारखा झाला. आणि नाव? ते फेरीच्या तिकिटावर, पाटीवर, जहाजावर जाऊन बसलं. घारापुरीत हत्ती गेला आणि नाव राहिलं. इथेही नाव राहिलं, पण त्या नावात जे दिसायचं ते बदललं.

मला वाटतं, मूळ नाव ठेवलं म्हणजे मूळ लोकांचा मान राखला, असं आपण जरा पटकन धरून चालतो. कॅनडा तर अशा नावांनी भरलेला आहे: टोरोंटो, ऑटवा, मॅनिटोबा, आणि खुद्द कॅनडा. नाव उचलून घेणं सोपं असतं. ते नाव ज्या जागेवरून, ज्या दिशेने बघून दिलं गेलं, ती जागा आणि ती दिशा त्या लोकांकडे राहू देणं अवघड.

त्सवासन लोकांनी मात्र हा विषय सोडून दिला नाही. ब्रिटिश कोलंबियातल्या बहुतेक जमिनीबद्दल तिथल्या मूळ लोकांशी कधी करारच झालेला नव्हता. 1990 च्या दशकात त्यासाठी वाटाघाटींची नवी पद्धत सुरू झाली, आणि त्या पद्धतीतून अमलात आलेला पहिला करार त्सवासनचा. जुलै 2007 मध्ये त्यांच्या सभासदांनी मतदान केलं, सुमारे 70 टक्के बाजूने. 3 एप्रिल 2009 ला करार लागू झाला. 724 हेक्टर जमीन त्यांच्या मालकीची झाली, स्वतःचं सरकार आलं, आणि त्यांच्या बहुतेक कारभारावरचा 'इंडियन ॲक्ट' या जुन्या कायद्याचा अंमल संपला.

सगळे खूश होते असं नाही. मिळतंय त्यापेक्षा सोडतोय ते जास्त, असं समाजातल्याच काहींना वाटलं. बाहेरच्या काहींना सुपीक शेतजमिनीवर बंदराची गोदामं येतील याची काळजी होती. आणि बांधकामं झालीच. हायवेवरून दिसणारा तो भलामोठा मॉल, 2016 मध्ये उघडलेला त्सवासन मिल्स, याच जमिनीवर आहे, त्सवासन लोकांनी भाडेपट्ट्याने दिलेल्या. तिथे सेलमध्ये बूट घेताना तुम्ही कुणाच्या दारात उभे होता, हे आता कळलं. 'मूळ लोकांनी मॉल का बांधावा?' असं कोणी म्हणालं, तर त्यांना विचारा: समुद्राकडची वाट दोन भरावांनी वेढल्यावर त्यांनी कशावर जगावं असं तुमचं म्हणणं आहे?

एवढ्यात रांग हलते. तुम्ही गाडी जहाजात घालता, जिने चढून डेकवर जाता. दीड-पावणेदोन तासांत जहाज बेटांमधून वाट काढत पलीकडे पोचतं. पलीकडच्या बंदराचं नाव स्वार्ट्झ बे. हे नाव आलं एकोणिसाव्या शतकात तिथे जमीन घेतलेल्या जॉन स्वार्ट या माणसावरून, आणि तेही चुकून. त्याच्या आडनावात शेवटी 'झ' नव्हताच. मुंबईत रेवस आणि मोऱ्याच्या लाँचेस सुटतात तो भाऊचा धक्का आठवा. तो लक्ष्मण अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाने ओळखला जातो. पण भाऊंनी निदान धक्का बांधला होता, आणि त्यांचं नाव तरी लोकांनी बरोबर घेतलं!

स्वार्ट्झ बेच्या आजूबाजूचा सगळा भाग सानिच लोकांचा. इंग्रजीत 'सानिच' झालेल्या नावाचं मूळ रूप 'व्सानेच'सारखं काहीतरी ऐकू येतं, आणि अर्थ 'वर आलेले, उगवून दिसणारे'. त्यामागे एक कथा आहे. फार पूर्वी महापूर आला. पाणी चढत गेलं. लोक होड्यांत बसले आणि दोराने होड्या एका उंच डोंगराला बांधून राहिले. दिवस गेले. मग पाणी उतरायला लागलं, आणि कोणीतरी बोट दाखवलं: तो बघा, डोंगर वर येतोय. त्यावरून त्या लोकांचं नाव पडलं. मनूची नाव आणि शिंगाला बांधलेला दोर आठवला असेल, तर आठवू द्या.

पण बघा, आपला सिद्धांत इथे कोलमडला. इतका वेळ आपण म्हणत होतो की जमिनीवरून बघणारे ते स्थानिक आणि पाण्यातून बघणारे ते परके. सानिच हे नाव तर पाण्यातून, होडीत बसून बघितलेलं आहे! तरी ते परक्याचं नाव नाही. फरक कुठे आहे? स्पॅनिश जहाजातल्या माणसाला ती जमीन खूण म्हणून हवी होती, पुढे जाण्यासाठी. होडीतल्या सानिच माणसाला ती राहण्यासाठी हवी होती. म्हणजे बघणारा कुठे उभा होता एवढं पुरत नाही. त्याला त्या जागेकडून काय हवं होतं, हेही विचारावं लागतं.

आणि तुम्ही-आम्ही? आपणही पाण्यातून, म्हणजे विमानातून, आलेलेच आहोत. कोणी शिकायला, कोणी नोकरीला, कोणी आईबाबांबरोबर लहानपणी. त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्याला ही जागा खूण म्हणून हवी आहे, की राहण्यासाठी?

सानिच लोकांच्या भाषेची एक गोष्ट सांगून थांबतो. तिचं नाव सेंचाथन. ती लिहायला सोयीची लिपी नव्हती, आणि बोलणारे म्हातारे होत चालले होते. डेव्ह एलियट नावाचे एक मच्छीमार, जे पुढे तिथल्या शाळेत देखभालीचं काम करत, त्यांनी 1978 च्या सुमारास एक जुना टाइपरायटर घेतला आणि इंग्रजी मोठी अक्षरं, त्यांवर रेघा, तिरपे दंड असं करत आपल्या भाषेची वर्णमाला बनवली. 1984 मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ती स्वीकारली. आज मुलं ती शिकतात. हे सगळं एका टाइपरायटरवर. आपल्याकडे फोनमध्ये देवनागरी कीबोर्ड आयता बसवून मिळतो आणि तरी आपण आजीला 'kashi aahes' असं नाही, तर रोमन अक्षरांत जमेल तसं मराठी पाठवतो. टोमणा नाही हा. फक्त शेजारी शेजारी ठेवून बघा.

परतीच्या फेरीत डेकवर पुढच्या बाजूला उभे राहा. त्सवासन जवळ येताना आधी कडा दिसेल, मग क्रेन, मग भराव. जहाजातल्या माणसाला जे दिसतं ते. गाडी किनाऱ्यावर आली की जमलं तर दहा मिनिटं थांबा, उतरा, आणि पाठ जमिनीकडे करून उभे राहा. आजीला म्हणावं, शवासन नाही गं. 'चूल'मधला च घे, त्याच्याआधी हलकेच स लाव, आणि म्हण: स्चवाथन. तिला ते आपल्या सगळ्यांपेक्षा चांगलं जमेल.